अंगणातले गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) काढले त्याला एक वर्ष झालं. आता गल्लीचं काय करावं?

नागकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन म्हणत होते.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्या भिंतीवर अजून दिसते. दोनदा रंग दिला तरी कमरेच्या उंचीवरची ती ओल पावसाळ्यात वर येते. त्या दिवशी घरात महालक्ष्म्या बसल्या होत्या. आदल्या दिवशीच पूजन झालं होतं, सोळा भाज्यांचा नैवेद्य, पन्नासेक पानं उठली होती. पहाटे चारच्या सुमारास कुत्रा सारखा भुंकायला लागला म्हणून पलंगावरून पाय खाली टाकला, तर घोट्यापर्यंत पाणी. अर्ध्या तासात पलंगाला लागलं. आधी सासूबाईंना डायनिंग टेबलावर बसवलं, मग मुखवटे काढून माळ्यावर ठेवले. त्यांच्या साड्या भिजल्या होत्या. सासूबाई पाणी ओसरेपर्यंत तेच म्हणत होत्या, "त्यांना असं ओलं ठेवू नका गं."

काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदी पात्र सोडून घराघरात शिरली. शहरात माणसं गेली. हे सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते दुसरंच.

पाणी ओसरल्यावर घर धुताना माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे पाणी दोन बाजूंनी आलं. मागून नदीचं आलं, काळं आणि गाळाचं. पण ते नंतर. आधी आलं ते समोरून, गेटमधून, रस्त्याचं. ते बऱ्यापैकी स्वच्छ होतं, त्याची रेघ भिंतीवर वेगळी उमटली होती. आमच्या गल्लीचा सिमेंट रोड घराच्या गेटपेक्षा फूटभर तरी उंच झालाय. कडेला गट्टू. गेटच्या आत आमच्या अंगणातही गट्टू, ते मीच बसवून घेतले होते, गाडीला चिखल नको म्हणून. शेजाऱ्यांकडे टाइल्स, पलीकडे कोबा. बावीस घरांच्या गल्लीत पाऊस पडेल अशी ओंजळभर माती उघडी नव्हती.

हिशेब केला. आपला नेहमीचा तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणजे दीड हजार चौरस फूट. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 14 हजार लिटर. बावीस घरांचं तीन लाखांच्या वर. दहा हजार लिटरचे तीस टँकर आमच्या एका गल्लीने त्या पहाटे नदीच्या अंगावर ओतले, आणि रस्त्याचं पाणी वेगळंच. त्याच गल्लीत एप्रिल-मेमध्ये बोअर आटते म्हणून आम्ही टँकर बोलावतो.

मे 2024 मध्ये गट्टू काढले. गाडीच्या दोन चाकांपुरत्या पट्ट्या ठेवल्या, बाकी सगळं मोकळं केलं. गट्टूंखाली आधी चुरी, मग गिट्टी, आणि त्याखाली काळी माती. सब्बल मारली की ठण्ण वाजायची. एक गांडूळ नाही, मुंगी नाही. गडी म्हणाला, "काकू, ही माती झोपली आहे." घरापासून लांबच्या कोपऱ्यात चार बाय चारचा खड्डा घेतला, सात फुटांवर मुरूम लागला, तिथून आणखी फूटभर खाली गेलो. खाली बोल्डर, वर गिट्टी, सगळ्यात वर रेती. गच्चीचा पाइप जाळी लावून त्यात सोडला. समोर वाफा केला तो वर उचललेला नाही, उलट वीतभर खोल, थाळीसारखा. त्यात कर्दळ, वाळा, अडुळसा, कडेला पारिजातक. फेब्रुवारीत कडूनिंबाची पानं गळतात तेव्हा गल्लीत सगळे जाळतात. मी पोती भरून आणली आणि वाफ्यावर पसरली.

मागच्या अख्ख्या पावसाळ्यात आमच्या गेटबाहेर पाणी दोनदाच गेलं. या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माती उकरली तर गांडुळं होती. मी सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं.

आता प्रश्न असा, की हे एका घराचं झालं. गल्लीचं कसं करायचं? कोणी केलंय का?

बर्डीचा_बाळ

काकू, वाचून बरं वाटलं, पण एक शंका आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही असं आमच्या घरी वडील नेहमी सांगायचे. आमच्या ओळखीच्यांनी शोषखड्डा केला, दोन पावसाळ्यांत त्याचं डबकं झालं. मग काढायचे पैसे वेगळे. पश्चिम नागपूर सगळं काळ्या मातीवर आहे. मग हे कसं जमतं?

मुरूम_आणि_माती

मी भूजलाच्या कामात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बाळ, तुझे वडील बरोबर सांगत होते आणि काकूंचंही बरोबर आहे.

आपल्या शहराच्या पश्चिमेला खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तो झिजून झाला मुरूम, आणि मुरूम झिजून झाली काळी माती. काळी माती पाणी लागलं की फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून भसाभस खाली जातं, पण मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दार लागतं. त्यानंतर तासाला काही मिलिमीटरच पाणी आत जातं. म्हणून नुसत्या काळ्या मातीत चार फूट खणून विटांचे तुकडे भरले की डबकं होणारच. तुमच्या ओळखीच्यांचं तेच झालं असावं.

काकूंचा खड्डा चालला कारण तो काळी माती ओलांडून मुरमात गेला. मुरूम सच्छिद्र असतो, तो पाणी घेतो. प्रत्येक घरी तो वेगळ्या खोलीवर लागतो. कुठे चार फुटांवर, कुठे बारा. पूर्वेकडे तर खडकच वेगळा आहे, तिथे मुरमाची ही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही.

आधी परीक्षा करा. जिथे खड्डा घ्यायचा तिथे हव्या त्या खोलीपर्यंत खणा, तळाशी एक फूट लांब-रुंद-खोल असा छोटा खड्डा घ्या, रात्री पाण्याने भरून ठेवा म्हणजे माती फुगायची तेवढी फुगून घेईल. सकाळी पुन्हा भरा आणि काठी उभी करून दर तासाला पातळी किती उतरते ते मोजा. तासाला अर्धा इंच किंवा जास्त उतरली तर जागा चांगली. कोरड्या मातीत मोजलं तर फसाल.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे. खड्डा पायापासून किमान दहा फूट लांब हवा. काळी माती फुगते तशी आकसते, आणि पायाखाली ती वरखाली झाली की भिंतीला तडे जातात. ज्यांच्याकडे एवढं अंतर नाही त्यांनी खड्ड्याच्या नादी लागू नये. गच्चीचं पाणी टाकीत साठवावं किंवा जुन्या विहिरीत सोडावं, आधी गाळून.

आता कटू वाटेल ते. काकूंच्या खड्ड्यात बोल्डरमधल्या पोकळीत एका वेळी दीड हजार लिटरच्या आसपास पाणी मावेल. 2023 सारखा पाऊस आला तर हा खड्डा तासाभरात भरेल आणि बाकीचं बाहेर जाईल. म्हणून कोणी असं समजू नये की आपण घरोघरी खड्डे केले म्हणजे अंबाझरीचा प्रश्न मिटला. तलावाची पाळ, सांडवा, त्याच्या पुढचं नदीचं पात्र, हे मोकळं आणि मजबूत असलंच पाहिजे. अंबाझरी 1870 च्या सुमारास बांधलेला तलाव आहे. तेव्हा खाली वस्ती नव्हती, शेतं होती, पाणी पसरलं तर पसरायचं.

मग घरचा खड्डा कशासाठी? दरवर्षी जे पंधरावीस पाऊस पंचवीस-तीस मिलिमीटरचे येतात आणि गल्ल्या तुंबवतात, त्यांच्यासाठी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पंचवीस मिलिमीटर म्हणजे 2,300 लिटर. ते खड्डा आणि वाफा मिळून बहुतेक पिऊन टाकतात. नागपूरला वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या एका गच्चीवरून वर्षाला 80 हजार लिटर तरी हाती लागतं. बोअरला ते कळतं.

नागकाठ

काका, पायाचं अंतर मी सुदैवाने ठेवलं होतं, पण कारण आज कळलं. खूप आभार. शेजारचे खिडकीखालीच खड्डा घेणार होते, त्यांना आत्ताच जाऊन सांगून आले.

महालवाला

सगळं चांगलं आहे, पण हे अंगणवाल्यांचं झालं नं. आमच्या जुन्या वस्तीत, महाल-इतवारी भागात, घराला घर चिकटून. पायरी उतरली की रस्ता. आम्ही काय काढावं? आमच्याकडे गट्टू काढाले जागाच नाही. आणि पाणी तर आमच्याकडेच येते, कारण आम्ही खाली. वरच्यांनी कोबा केला त्याची शिक्षा खालच्यांना, हे काहून कोणी बोलत नाही?

आमचे आजोबा सांगत, पोट्टे असताना शुक्रवारी तलावात पोहायचे. नाईक तलाव, लेंडी तलाव किती मोठे होते ते जुन्या लोकांना विचारा. आज पाहाल तर चहूबाजूंनी घरं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं बारा वाड्या जोडून शहर वसवलं तेव्हापासून या भागाची उतरण तलावांकडे होती. ते तलाव म्हणजे आमची अंगणं होती. ती भरून गेली.

आणि विहिरी. आमच्याच बोळात दगडी बांधणीची विहीर आहे. त्यात निर्माल्य, गणपतीची माती, फाटके फोटो, काय नाही टाकलं लोकांनी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी उपसली. तीन ट्रॅक्टर गाळ निघाला. तळाला झरा जिवंत होता, बाप्पा! पाणी पिण्यासारखं नाही, पण कूलरला, धुण्याला चालते. वरच्या तीन घरांच्या गच्च्यांचं पाणी गाळणी करून त्यात सोडलं आहे. जाळीचं झाकण बसवलं. आता कोणी निर्माल्य टाकायला आलं की समोरची आजीच उठून हात धरते.

मुरूम_आणि_माती

भाऊ, हे काम आमच्या सगळ्यांच्या खड्ड्यांपेक्षा मोठं आहे. जुनी विहीर काळी माती ओलांडून थेट पाणी धरणाऱ्या थरात गेलेली असते. खणायचा खर्च शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलाय. फक्त पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आत घेऊ नका, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. वर्षातून एकदा पाणी तपासून घ्या.

वरच्यांनी केलं आणि खालच्यांनी भोगलं हा मुद्दाही खरा आहे. पाण्याचं काम नेहमी माथ्यापासून सुरू करतात, खेड्यात पाणलोटाचं काम करताना आम्ही हेच करायचो, माथा ते पायथा. शहरात उलटं झालंय. माथ्यावर इमारती आणि पायथ्याला पंप.

नंदनवनची_नीता

मला डासांची भीती वाटते. माझ्या मुलाला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता, प्लेटलेट वीस हजारांवर आले होते. ते दिवस मी विसरू शकत नाही. असे खोल वाफे करायचे, त्यात पाणी साचणार, मग?

पाणकणीस

नीताताई, भीती रास्त आहे. मी पर्यावरणशास्त्र शिकते, त्यातलं सांगते. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा ते दहा दिवस लागतात. वाफ्यातलं पाणी एक-दोन दिवसांत मुरून गेलं तर अळीचं पुढे काही होत नाही. दोन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर वाफा चुकलाय, खाली रेती आणि खत घालून माती मोकळी करावी लागेल किंवा वाफा उथळ करावा लागेल. काकांनी सांगितलेली परीक्षा म्हणूनच आधी करायची. खरा धोका आहे तो ऑगस्टपर्यंत पाणी न काढता कोपऱ्यात उभ्या असलेल्या कूलरच्या टाकीत, गच्चीवरच्या टायरमध्ये आणि बंद पडलेल्या नालीत.

नदीबद्दलही लिहायचं होतं. आपल्याकडे नागनदी म्हटलं की भिंत, खोलीकरण आणि उन्हाळ्यात पोकलेनने गाळ काढणं. गाळ काढणं गरजेचं आहेच. पण सरळ भिंतींमधून पाणी जोरात धावतं आणि पुढच्या वळणावर जोरात आदळतं. 2023 च्या पुरात काठच्या भिंती कशा आडव्या झाल्या ते आपण पाहिलं. काठाला उतार असेल, त्यावर वाळा, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ असतील तर मुळं माती धरून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतो. अर्जुन तर मुळात नदीकाठचंच झाड, पायाशी पाणी असलं तरी त्याला चालतं.

सांडपाण्यासाठीही असा उपाय आपल्याच शहरात घडलाय. नीरी, वर्धा रोडवरची, 1958 पासूनची पर्यावरण संशोधनाची संस्था. त्यांनी फायटोरिड नावाची पद्धत तयार केली. गिट्टीच्या थरातून सांडपाणी हळूहळू जाऊ द्यायचं, त्यात कर्दळ, पाणकणीस, बोरू अशी झाडं. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. वीज नाममात्र लागते. सगळ्या शहराचं मैलापाणी याने साफ होणार नाही, त्याला जागा खूप लागते. पण नदीला मिळणाऱ्या एकेका लहान नाल्याच्या तोंडाशी, एकेका वसाहतीसाठी, बागेसाठी हे नक्की जमतं.

तेलंगखेडीचा

मी सध्या सिंगापूरला आहे. माझ्या घराजवळ बिशान पार्क आहे. तिथून कलांग नदीचा सरळ काँक्रीटचा नाला जायचा, 2.7 किलोमीटरचा. आपल्या नागनदीच्या शहरातल्या तुकड्यांसारखाच. त्यांनी काँक्रीट फोडलं, नदीला पुन्हा वळणं दिली, ती तीन किलोमीटरची झाली, दोन्ही काठ बागेत मिसळून टाकले. 2012 मध्ये काम पूर्ण झालं. एरवी मुलं तिथे मासे बघत उभी असतात. पाऊस आला की बाग हीच नदी होते, पाणी पसरतं, उतरतं.

मी रोज सकाळी तिथे फिरतो आणि मला अंबाझरीच्या पाळीवरचं लहानपण आठवतं. पैसा त्यांच्याकडे जास्त, हे खरं. पण तिथे आधी जागा होती म्हणून जमलं, कारण बाग शाबूत होती. आपल्याकडे नदीलगत जी मैदानं, बागा, नर्सऱ्या अजून उरल्यात त्या जर गेल्या, तर उद्या पैसा आला तरी नदीला द्यायला जागा नसेल. जे कोणी तिथे राहतात त्यांनी आत्ता त्या जागा मोजून ठेवा.

गच्चीवरून

इथे सगळे पाण्याबद्दल बोलतायत, मी उन्हाबद्दल बोलतो. आठवतं ना, 2024 च्या मेअखेरीला एका स्वयंचलित केंद्राने नागपूरचं तापमान 56 अंश दाखवलं होतं? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण त्या दिवशी आमच्या बांधकामावरच्या एकाही माणसाने ते खोटं मानलं नाही. सिमेंट रोडवर ओतकाम करणाऱ्याला पायाखालून जे लागतं ते कुठल्या केंद्रात मोजतात? मे 2013 मध्ये आपण खरेच 47.9 पाहिले आहेत.

दिवसाचं ऊन आपण नागपूरकर सोसतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पन्हं, वाळ्याचं पाणी, दुपारी दार बंद. जीव जातो तो रात्री. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. आमची आई आधी अंगणात खाट टाकून झोपायची, संध्याकाळी सडा मारला की तासाभरात माती गार. आता अंगणात कोबा आहे. त्यावर बादल्या ओतल्या तरी वाफ वर येते आणि रात्री एक वाजताही खाट गरमच.

गच्चीला चुना मारा. खर्च हजारांत, फरक पहिल्याच दुपारी कळतो. टिनाच्या घरांना तर तोच आधार आहे. पण चुना घराच्या आत थंड करतो, रस्त्यावरच्या माणसाला सावलीच लागते.

अजनीची_सावली

सावलीवरून. 2021 मध्ये अजनी वनासाठी, म्हणजे अजनी रेल्वे स्टेशनजवळची जुनी झाडी वाचवायला, आम्ही उभे होतो तेव्हा लोक विचारायचे, "एक झाड तोडून पाच लावणार आहेत, मग तुमचं दुखणं काय?" पाच रोपं एका साठ वर्षांच्या कडूनिंबाची सावली कधी देणार, याचा हिशेब कोणी मांडत नव्हतं. त्याच वर्षी राज्याच्या झाडांच्या कायद्यात बदल झाला. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. हे इथे लक्षात ठेवा, अर्ज करताना कामी येतं.

आणि नागकाठताई, गल्लीसाठी सुरुवात झाडांच्या बुंध्यापासून करा. सिमेंट रोड करताना बुंध्याच्या सालीपर्यंत काँक्रीट ओततात. मग वादळात झाड मुळासकट आडवं होतं आणि लोक म्हणतात झाडच कमजोर होतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या वस्तीत आम्ही रीतसर पत्र देऊन, परवानगी घेऊन अकरा झाडांचे गळे मोकळे केले. एका करंजाचा बुंधा काँक्रीटच्या कड्यात इतका रुतला होता की छिन्नीने इंच-इंच काढावं लागलं. साल चिरडून काळी पडली होती. पुढच्या चैत्रात त्याच बाजूने कोवळी फूट आली. फोन काढून फोटो घेणार होते, पण हात लावूनच उभी राहिले.

बर्डीचा_बाळ

काका, या रविवारी आमच्याकडे परीक्षा करायची आहे. बाबांनीही होकार दिला. सब्बल, टिकास आहे, मोजायची काठी नाही.

मुरूम_आणि_माती

कुठलीही सरळ काठी घे, त्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर खिळ्याने रेघा ओढ. शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी खड्डा भरून ठेव. मी सकाळी सातला येतो.

नागकाठ

मीही येते. आमच्या गल्लीतले आतापर्यंत चार जण तयार झालेत. त्यातल्या तिघांकडे पायापासून दहा फूट जागा आहे, चौथ्यांकडे विहीर निघाली, फरशीखाली झाकलेली. त्यांनाच माहीत नव्हतं. महालवाले दादा, विहीर उपसायला माणसं आणि पंप कुठून आणले ते सांगाल का? वर अजनीच्या ताईंचा पत्राचा नमुनाही हवा आहे. गल्लीच्या तोंडाशी दोन करंज आहेत.

महालवाला

पंप आमचाच आहे काकू, घेऊन येतो. पण विहिरीत एकदम कोणाला उतरवू नका. बंद विहिरीत वायू असतो, माणूस जातो. आधी फरशी काढून दोन दिवस उघडी ठेवा, मग पाणी उपसा, मग दोर बांधून आणि वर तीन माणसं ठेवूनच उतरायचं. मी आल्याशिवाय सुरू करू नका.

बर्डीचा_बाळ

रविवारचं सांगतो. आमच्याकडे पाच फुटांवरच मुरूम लागला. पहिल्या तासात काठीवर एक रेघ, दुसऱ्या तासातही एक रेघ. काका म्हणाले चालेल. बाबा पूर्ण वेळ खुर्ची टाकून खड्ड्यापाशी बसून होते, काकू दर तासाला ओरडून आकडा सांगत होत्या. खणताना वरच्या थरात आजोबांच्या वेळचा मातीचा रांजण निघाला, गळ्याशी फुटलेला. बाबांनी तो धुऊन पायरीवर ठेवलाय. गट्टू पुढच्या आठवड्यात काढतो. कोणाला हवे असतील तर सांगा, दोनशेच्या आसपास निघतील, चांगले आहेत.